आमच्या वरच्या खोलीतली लेक आता कुठे जाणार?

पत्र: ताई नमस्कार, आम्ही दोघं पुण्यात असतो, मी बँकेतून रिटायर, हे एसटीतून. आमच्या वरच्या खोलीत चार वर्षांपासून एक अफगाण मुलगी राहते, हेरातची. २०२१ च्या सुरुवातीला स्कॉलरशिपवर शिकायला आली आणि त्याच ऑगस्टमध्ये तिचा देश तालिबानच्या हातात गेला, तेव्हापासून घरी गेलेली नाही. बीएस्सी झालं, आता एमएस्सी स्टॅटचं शेवटचं सेमिस्टर आहे. मला काकू म्हणते, आता भाडेकरू कुठली, लेकच झालीये. तिचे आईवडील आणि सोळा वर्षांची बहीण इराणमध्ये मशहदला होते, गेल्या जुलैत त्यांना परत हेरातला पाठवून दिलं. तेव्हापासून पोरगी गप्प झालीये, रात्रभर फोन हातात, प्रोजेक्टला हात लावत नाही. मोठा भाऊ २०१५ पासून हॅम्बुर्गला आहे, नोकरी करतो. हिचा व्हिसा जूनमध्ये संपतोय. एक एजंट म्हणतो आठ लाखात कॅनडा गॅरंटीड, अर्धे आधी द्या. मी एफडी मोडायला तयार आहे. ह्यांचं म्हणणं, शिक्षणाचं काय घेऊन बसलीस, आधी जीव वाचव, दिल्लीला जाऊन रेफ्युजी कार्ड काढा. मला तर एकदा वाटलं भाच्याशी लग्न लावून द्यावं म्हणजे इथेच राहील. सोसायटीत पण विचारतात, अजून किती दिवस. काय करू? — एक काकू, पुणे

उत्तर:

काकू, आधी एफडीचं बोलते कारण बाकी सगळ्याला महिने लागणारेत पण पैसे एका सकाळी जाऊ शकतात. मोडू नका. त्या एजंटसाठी तर अजिबात नाही. व्हिसा द्यायचा की नाही हे कॅनडाचा अधिकारी ठरवतो, पुण्यातला कुणीही त्याची गॅरंटी देऊ शकत नाही, आणि जो देतो तो तुम्हाला फसवतोय, इतकं सरळ आहे ते. तो कॅनडाचंच नाव का घेतो तेही सांगते. २०२१ नंतर कॅनडाने ४० हजार अफगाण लोकांना आपल्याकडे घ्यायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये तो आकडा पूर्णही केला, म्हणजे खरोखरच इतकी माणसं तिकडे गेली, त्यांचे विमानतळावरचे फोटो अजून सगळ्यांच्या फोनवर फिरतात आणि त्या फोटोंवर ही दुकानं चालतात. पण ती सरकारी योजना होती, ती संपली. तिथले पाच जण एकत्र येऊन एखाद्या निर्वासिताला स्पॉन्सर करू शकतात अशीही एक सोय आहे, तिचे नवे अर्ज नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस घ्यायचे थांबवले, तेव्हा कुणी ते नाव घेतलं तर आधी कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर बघायचं की आज ते चालू आहे का. उरला स्टुडंट परमिट. त्यासाठी फी आणि प्रवास सोडून नुसत्या एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, आणि वर अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं की परमिट संपलं की मी देश सोडेन. जिला परत जायला घरच राहिलं नाही तिच्या फाइलवर बोट ठेवलं जातं ते नेमकं इथे. एजंट हे तुम्हाला सांगणार नाही, चार लाख घेईल, अर्ज भरेल, नकार आला की नशीब म्हणेल. कॅनडात इमिग्रेशन कन्सल्टंट लोकांचं अधिकृत रजिस्टर असतं, ऑनलाइन कुणालाही बघता येतं, त्याला म्हणा त्यात तुझं नाव दाखव. बहुतेक तो परत फोन करणार नाही.

आता काकांचं. "शिक्षणाचं काय घेऊन बसलीस, आधी जीव वाचव" हे ते कळकळीने म्हणताहेत, मला दिसतंय, पण तिच्या बाबतीत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीयेतच. ती आज भारतात कायदेशीर राहतेय ती विद्यार्थिनी आहे म्हणून. जूनच्या आधी मुदत वाढवायची तर ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर अर्ज करावा लागेल आणि त्याला कॉलेजचं बोनाफाइड लागेल, आणि प्रोजेक्ट पडून राहिला, सेमिस्टर गेलं तर ते बोनाफाइड कोण देणार. उद्या कुठल्याही परदेशी वकिलातीत गेली तरी पहिला प्रश्न हाच असतो की तू भारतात कशी राहतेस, वैध आहेस का. म्हणजे तो अर्धवट पडलेला प्रोजेक्ट हाच आत्ता तिचा जीव वाचवण्याचा भाग आहे. हे तिला सांगा, पण ओरडून नको, कारण ती का थांबलीये ते मला वाटतं मला कळतंय, त्यावर पुढे येते.

रेफ्युजी कार्डाबद्दल नीट समजून घ्या कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. अफगाण लोकांची नोंदणी आणि मुलाखती दिल्लीत युएनएचसीआर करतं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था. तिथे सगळं फुकट असतं, नोंदणी, मुलाखत, कार्ड, सगळं. कुणी पैसे मागितले तर तो त्यांचा माणूस नाही. ते कार्ड म्हणजे परत पाठवलं जाऊ नये यासाठीचा आधार, पण तो व्हिसा नाही, नोकरीचा परवाना नाही, आणि कार्ड आलं की दुसरा देश घेऊन जातो असं तर मुळीच नाही. जगातल्या एकूण निर्वासितांपैकी एका वर्षात तिसऱ्या देशात नेऊन वसवले जाणारे एक टक्काही नसतात. दिल्लीत लाजपतनगर, भोगल भागात अशी कितीतरी अफगाण कुटुंबं आहेत जी वर्षानुवर्षं वाट बघताहेत. म्हणून नोंदणी करायचीच नाही असं नाही, वेळ आली तर तो तिचा हक्क आहे. पण आज स्टुडंट व्हिसा हातात आहे, डिग्रीला दोनतीन महिने उरलेत, अशा वेळी निर्वासित म्हणून अर्ज टाकला तर तिच्या पासपोर्टचं काय, एफआरआरओकडच्या नोंदीचं काय, परदेशी विद्यापीठाच्या व्हिसावर परिणाम होईल का, हे आधी वकिलाला विचारायला हवं. दिल्लीत निर्वासितांना मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, फोनवरही बोलतात. हा निर्णय काकांनी नाही, तुम्ही नाही, मी तर नाहीच नाही, तिने वकिलाशी बोलून घ्यायचा आहे.

काकांना अजून एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती आपल्याच इथली आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची अख्खी छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी त्यांना घरातून उचलून सायबेरिया नि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं, १९४२ मध्ये तिथून सुटून इराणमार्गे ती बाहेर आली. गुजरातेत बालाचडीला नवानगर संस्थानच्या राजांनी, जामसाहेबांनी, ज्या मुलांना आसरा दिला त्यातली काही तर ट्रकमधून मशहद, झाहेदान करत क्वेट्याला पोचली होती. हो काकू, तेच मशहद. तर वळिवड्यात त्या बायकांनी काय केलं, शाळा सुरू केल्या. युद्ध कधी संपणार माहीत नाही, नवरा जिवंत आहे का माहीत नाही, पुढे कुठल्या देशात राहायचं तेही माहीत नाही, तरी प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, स्काउट, नाटकाचं थिएटर, सगळं उभं केलं. कुणी असं म्हणालं नाही की आधी देश ठरू दे मग पोरांना शिकवू. युद्ध संपल्यावर कळलं की बऱ्याच जणांची गावंच आता सोव्हिएत हद्दीत गेलीत, पोलंडमध्ये कम्युनिस्ट सरकार आलंय, परत जाण्यासारखं काही नाही. मग त्यातली पुष्कळ माणसं ब्रिटनला गेली, तिथे १९४७ मध्ये पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदाच झाला होता, काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला गेली. आणि जाताना बरोबर काय होतं, तर या छावणीत मिळालेलं शिक्षण. कोल्हापूरला महावीर गार्डनमध्ये त्यांची आठवण म्हणून स्मारक आहे, कधी गेलात तर लेकीला घेऊन जा, तिला ते माझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल.

आता खरा प्रश्न, ती जाणार कुठे. मला हॅम्बुर्गचा भाऊ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस वाटला आणि तुम्ही त्याच्यावर एकच ओळ लिहिलीत. सख्ख्या बहिणीला कुटुंब म्हणून बोलावून घेता येतं असं तुम्हाला वाटत असेल तर ते नाही, जर्मनीत त्यासाठी नवरा-बायको आणि लहान मुलं साधारण एवढंच कुटुंब धरतात, सज्ञान भावंडं त्यात बसत नाहीत. पण ती शिकायला जात असेल तर चित्र बदलतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नसते, सेमिस्टरचा थोडासा आकार असतो. खर्चाची हमी म्हणून वर्षाचे ११,९०४ युरो एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे ते तिलाच परत मिळतात. एवढे पैसे नसतील तर तिथे राहणारा, पुरेशी कमाई असलेला माणूस तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन लेखी हमी देऊ शकतो की हिचा खर्च मी करीन. ती हमी भावाने दिली तर तुमच्या एफडीला हात लावायची गरजच पडणार नाही. त्याची कमाई त्यात बसते का ते तो एका फेरीत विचारून येईल, आजच त्याला फोन करायला सांगा. तिथे शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. हॅम्बुर्गमध्ये अफगाण लोकांची वस्ती युरोपातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे, म्हणजे पोरगी अगदी परक्यात पडणार नाही.

दुसरं, आणि हे तिच्या कॉलेजात तिला कुणी सांगितलं नसेल तर मला खरंच वाईट वाटेल, एमएस्सी स्टॅट ही फार चांगली डिग्री आहे. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, जागा निघते, जाहिरात येते, अर्ज करायचा, निवड झाली की पगार आणि त्यावर राहण्याचा परवाना. स्टॅटवाल्यांना साथरोग, हवामान, लोकसंख्या, औषधांच्या चाचण्या सगळीकडे मागणी आहे. आणि पुन्हा मास्टर्सच करायचं असेल तर युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस स्कॉलरशिप आहे, फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, दोन वर्षांपर्यंत, दोन किंवा जास्त देशांत शिकायचं, कुठल्याही देशाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात म्हणजे या वर्षीचे गेले, पुढच्या वर्षीसाठी आत्तापासून तयारी. अमेरिका सध्या विसरा, जून २०२५ पासून अफगाण नागरिकांना तिथे प्रवेशबंदी आहे.

हे सगळं जूनपर्यंत होणार नाही हे मलाही दिसतंय. म्हणून मधला पूल लागेल, आणि तो इथेच आहे. ती आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, स्कॉलरशिपवर आली असेल (अफगाण विद्यार्थ्यांसाठी त्यांची वेगळी योजना होती, बहुतेक तीच असेल) तर पुण्यात आयसीसीआरचं ऑफिस आहे, तिथे प्रत्यक्ष जा, पीएचडीसाठी स्कॉलरशिप मिळते का, अर्जाची तारीख काय ते विचारा. पुण्यात पीएचडीला प्रवेश मिळाला तर तिचं इथलं वास्तव्य पुन्हा विद्यार्थी म्हणून सुरू राहील आणि मग बाहेरच्या अर्जांना नीट वेळ मिळेल. ते नाहीच जमलं तर मुदत संपायच्या आधी, परत सांगते आधी, एफआरआरओकडे परिस्थिती लिहून मुदतवाढ मागायची. द्यायची की नाही हे त्यांच्या हातात आहे, पण मुदत संपल्यावर मागणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील ना काकू, तर कागदांवर करा. विद्यापीठातून बीएस्सी आणि एमएस्सी दोन्हीच्या ट्रान्स्क्रिप्टचे सीलबंद संच, दोनतीन जास्तीचेच काढा. डिग्री हातात आली की तिचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मानला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी अठरा हजारांच्या आसपास जाते, ती भरा आणि तिला तारीख पकडून द्या, समोर परीक्षेची तारीख असली की माणूस पुस्तक उघडतो. तिच्या बारावीचं हेरातचं सर्टिफिकेट मूळ स्वरूपात कुठे आहे ते विचारा, तिच्याजवळ आहे, आईकडे आहे की मशहदहून येताना गेलं, कारण काबुलमधून त्याची नक्कल काढणं आता फार अवघड झालंय. प्रत्येक कागदाचा स्कॅन तिच्या मेलवर, भावाच्या मेलवर, तुमच्या मेलवर, तीन ठिकाणी. दोन प्राध्यापकांकडून शिफारसपत्रं आत्ताच, ती कॅम्पसवर असतानाच, नंतर सर उचलत नाहीत फोन. आणि पासपोर्ट. पासपोर्टची मुदत कधी संपते ते आज संध्याकाळीच बघा. मुंबईत अफगाणिस्तानची वकिलात आहे, पण आता तिथला कारभार तालिबानने नेमलेल्या माणसाकडे आहे, तिथे अर्ज करायला तिला भीती वाटू शकते आणि त्या भीतीला तुम्ही वेडेपणा म्हणू नका. तिथे जायचं की नाही, नूतनीकरणाला दुसरा काही मार्ग आहे का, हेही त्या वकिलालाच विचारायच्या यादीत टाका.

आता तिच्या गप्प होण्याबद्दल. २०२५ मध्ये इराणने लाखो अफगाण लोकांना परत पाठवलं, जून-जुलैत तर रोज हजारो माणसं इस्लाम कला नावाच्या सीमेवरून हेरात प्रांतात येत होती, उन्हातान्हात, एकदोन बॅगा घेऊन, तिचे आईवडील नि बहीण त्याच गर्दीत होते. ती पुण्यात पंख्याखाली बसून ते फोनवर बघत होती. मग सप्टेंबरच्या शेवटी तालिबानने देशभरातलं इंटरनेट दोन दिवस बंद केलं, त्या दोन दिवसांत तिला काय झालं असेल विचार करा, आई जिवंत आहे की नाही हेही कळायला मार्ग नाही. तेव्हापासून फोन हातातून सुटत नसेल तर मला त्यात नवल वाटत नाही. आणि प्रोजेक्टला हात लागत नाही त्यामागे अजून एक गोष्ट असावी असं माझा अंदाज सांगतो, मी परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या कामात होते तेव्हा अशा मुली पाहिल्यात. बहीण सोळाची. २०२१ मध्ये ती अकराची असेल, म्हणजे सहावीच्या आसपास, आणि तालिबानने मुलींची शाळा नेमकी सहावीनंतर बंद केली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद केली. मोठी एमएस्सी होणार आणि धाकटीला सातवीचं पुस्तकही उघडता येत नाही, हे त्या पोरीच्या मनात रोज चालत असणार. तिला आपलं शिकणं हा गुन्हा वाटत असेल. तिला "सगळं ठीक होईल" म्हणू नका, तिला माहितीये की होणार नाही. तिच्याशेजारी बसा. प्रोजेक्टचं रोज एक पान झालं की खाली येऊन दाखव म्हणा, तुम्ही बँकेत होतात, आकड्यांना घाबरत नाही, कळलं नाही तरी बघा. कॉलेजात समुपदेशक असतो, नाहीतर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, हिंदीत बोलतात, तिला हिंदी छान येत असणार. झोप अजिबात लागत नसेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

धाकटीसाठी एक करता येईल, लगेच. बेगम टीव्ही म्हणून चॅनल आहे, ८ मार्च २०२४ ला पॅरिसमधून सुरू झालं, अफगाणिस्तानातल्या मुलींसाठी दरी आणि पश्तू या तिथल्या भाषांमध्ये शाळेचे विषय शिकवतात, सॅटेलाइटवर दिसतं आणि धडे ऑनलाइनही आहेत. लेकीला म्हणा की रोज अर्धा तास व्हॉइस मेसेजवर बहिणीला गणित शिकव. दोघींनाही बरं वाटेल, आणि हिचा फोनवरचा वेळ निदान अर्धा तास तरी बातम्यांवरून हटेल. पुढे मोठी झाल्यावर बांगलादेशात चितगावला एशियन युनिव्हर्सिटी फॉर विमेन आहे, २०२१ नंतर त्यांनी पुष्कळ अफगाण मुलींना घेतलंय, ते नाव लिहून ठेवा.

भाच्याचं. काकू, मी तुमच्यावर रागावत नाही कारण त्यात तुमची माया दिसते, पण हा विचार मनातून काढून टाका आणि तिच्यासमोर तर चुकूनही काढू नका. ती तुमच्या घरात राहते, तुमचं मीठ खाते, तुम्ही विचारलंत तर तिला नाही म्हणता येणार नाही, आणि जिला नाही म्हणता येत नाही तिचा होकार धरायचा नसतो. शिवाय तुम्हाला वाटतं तसं लग्नाने लगेच काही सुटतही नाही, भारतीय माणसाशी लग्न केलं तरी नागरिकत्वासाठी अर्ज करण्याआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. तिच्या देशात आज मुलींची लग्नं घाईघाईने लावून देताहेत, शाळा नाही, कॉलेज नाही, मग ठेवून काय करायचं म्हणून. त्यातूनच वाचायला ती इकडे आली ना.

सोसायटीचं फार मनावर घेऊ नका. लीव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर्ड करार, पोलिसांकडची भाडेकरूची नोंद, आणि परदेशी माणूस घरात ठेवल्यावर घरमालकाने ऑनलाइन कळवायचं असतं ते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात, या तिन्हीच्या प्रती सेक्रेटरीला देऊन टाका. करार दर वर्षी नवा होतो तेव्हा नोंदीही नव्या करा. कागद चोख असले की विचारणाऱ्यांना बोलायला जागा राहत नाही, आणि राहिली तरी तुम्ही ऐकायचं कारण नाही.

आता थोडं लेकीशी बोलते, तिला वाचून दाखवा. बाळा, तुझ्याच हेरातची नादिया नदीम तुला माहीत असणार. वडील सैन्यात होते, तालिबानने २००० साली त्यांना मारलं. आई मुलींना घेऊन पाकिस्तानात गेली, तिथून इटली, तिथून लंडनला जायचं म्हणून ट्रकमध्ये बसले आणि उतरले तर डेन्मार्क होतं. ती डेन्मार्ककडून फुटबॉल खेळली हे सगळ्यांना माहिती, पण खेळता खेळता ती मेडिकलही शिकत होती आणि २०२२ साली डॉक्टर झाली. तिची भाषा नव्याने सुरू झाली, शाळा नव्याने सुरू झाली, तुझी तर पाटी कोरी नाही, तुझ्याकडे पाच वर्षांचं शिक्षण आहे. जगभरातल्या निर्वासित मुलामुलींपैकी कॉलेजपर्यंत पोचणारे सात टक्केच असल्याचं युएनएचसीआरने २०२४ मध्ये सांगितलं होतं. तू त्या सातांतली आहेस, आणि त्याची लाज वाटून घेऊ नकोस, तू बहिणीचं काहीही हिरावून घेतलेलं नाहीस. उलट घरात एकटी तूच आहेस जिच्या डिग्रीच्या जोरावर उद्या पगार येईल, आणि त्या पगारावर त्यांच्यासाठी काहीतरी करता येईल. आणि व्हिसाच्या अर्जात खोटं लिहू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. पुढे कधी तुला आसरा मागावा लागला तर ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने दिलेला निकाल माहीत असू दे, अफगाण स्त्री आहे एवढ्यावरूनही आश्रय देता येतो, प्रत्येकीने माझ्यावर वेगळा असा काय अत्याचार झाला हे सिद्ध करत बसायची सक्ती नाही, असं त्यात म्हटलंय. तो रस्ता तुझ्यासाठी खुला आहे म्हणून कुठल्याही कागदावर खोट्याची गरज नाही, एक खोटी ओळ सापडली तर पुढच्या सगळ्या खऱ्या ओळींवर कुणी विश्वास ठेवत नाही.

जर्मनीचाही नकार येऊ शकतो काकू, हे लपवत नाही. म्हणून एकाच ठिकाणी नाही, पाचसात ठिकाणी अर्ज करायचे आणि प्रत्येकाची शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची, जर्मन विद्यापीठांच्या हिवाळी सत्राच्या बऱ्याच तारखा १५ जुलैपर्यंत असतात, काहींच्या मार्च-एप्रिलमध्येच संपतात, तेव्हा ते काम या आठवड्यातलं आहे. कुठे जायचं ते तिने ठरवू द्या, हॅम्बुर्ग असो, पुणे असो नाहीतर तिसरंच काही. ती गेली तर तुम्हाला वरची खोली खायला उठेल, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत तरी मला दिसलं, ते काकांशी बोला, तिच्याजवळ नको, नाहीतर ती तुमच्यासाठी थांबेल. पासपोर्टची तारीख आणि भावाने तिथल्या ऑफिसात काय विचारून आणलं ते मला कळवा, त्यावरून पुढच्या अर्जांचा क्रम सांगते.